चाळिसाव्या मिनिटाचा लॅपटॉप

ताईच्या मुलीला यंदा अमरावतीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. मेकॅनिकल. पावती हातात पडली त्याच संध्याकाळी तिचा फोन आला, "मामा, लॅपटॉप घ्यायचाय. गेमिंगवालाच. बाबा म्हणाले पंचाहत्तर हजारांच्या वर एक रुपया नाही." भाऊजी वेकोलित, म्हणजे सरकारी कोळसा कंपनीत, आहेत. पंचाहत्तर हजार हा आकडा त्यांनी कसा बसवला असेल ते मला ठाऊक आहे, म्हणून मी तिला म्हटलं, दोन आठवडे दे. तिला ते दोन आठवडे फार वाटले. मला मात्र कमीच पडले.

मी चंद्रपुरात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. २०२१च्या दिवाळीत मीही गेमिंग लॅपटॉपच घेतला होता. एक तर एडिटिंगला लागणारं ग्राफिक्स कार्ड त्या किमतीत दुसऱ्या कुठल्या लॅपटॉपमध्ये मिळत नव्हतं, आणि दुसरं म्हणजे रात्री काम आटोपलं की तासभर गेममध्ये गाड्या पळवायचा मला मनापासून नाद आहे. अडुसष्ट हजार मोजले. अकराव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम. घेताना मी फक्त आकडे पाहिले होते. कोणत्या गेममध्ये किती एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, कोणत्या टेस्टमध्ये किती गुण. पंधरा-वीस व्हिडिओ पाहिले असतील, आणि त्या सगळ्या तक्त्यांत माझा लॅपटॉप त्याच्या किमतीच्या मानाने वरच होता.

नोव्हेंबर ते मार्च तो तसाच चालला. खोटं का बोलू? सुंदर चालला.

मग आमचा उन्हाळा आला. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५च्या खाली राहिला तर लोक एकमेकांना ‘यंदा बरं आहे’ म्हणतात. आणि लग्नाचा सीझनही नेमका एप्रिल-मेचा. म्हणजे मशीनला सर्वांत जास्त राबवायचं ते सर्वांत जास्त तापलेल्या दिवसांत. दिवाळीत जो हायलाइट व्हिडिओ पन्नास मिनिटांत एक्स्पोर्ट व्हायचा, त्याच लांबीच्या व्हिडिओला मेमध्ये सव्वातास लागू लागला, कधी त्याच्याही वर. रात्री खेळायला बसलो की पहिली दहा मिनिटं सगळं छान, नंतर गाडी वळणावर आली की चित्र अडकायचं. व्हायरस असेल म्हणून विंडोज पुन्हा टाकलं. काही फरक नाही.

तेव्हा पहिल्यांदा मी एचडब्ल्यूइन्फो टाकून तापमान बघायला शिकलो. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश असते. तिथवर पोहोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. यालाच थ्रॉटल होणं म्हणतात. माझा प्रोसेसर सुरुवातीला चार गिगाहर्ट्झच्या वर पळायचा आणि बाराव्या-तेराव्या मिनिटाला अडीचवर येऊन बसायचा. यात त्या चिपचा काही दोष नव्हता. माझ्या एका फोटोग्राफर मित्राकडे तोच प्रोसेसर जाड, बोजड लॅपटॉपमध्ये होता आणि त्याचा वेग तीनच्या खाली येत नव्हता. फरक होता तो हवा आत घ्यायच्या आणि बाहेर टाकायच्या वाटेत.

ही गोष्ट मी भाचीला कागदावर काढून समजावली. लॅपटॉपचा फॅन काही थंडी तयार करत नाही. तो खोलीतली हवा आत ओढतो, तांब्याच्या पाइपमधून आलेली उष्णता त्या हवेला देतो आणि बाहेर फेकतो. व्हिडिओ करणारे बसतात एसीत, २४ अंशांत. आमच्या खोलीत दुपारी ४० असतात. हा सोळा अंशांचा फरक जवळजवळ जसाच्या तसा चिपच्या तापमानात मिळतो. तिथे ८४वर आरामात चालणारी मशीन इथे १००ला टेकते. मग तिथला तक्ता माझ्या काय कामाचा? ज्याची कूलिंग जेमतेम पुरेशी आहे तो लॅपटॉप त्यांच्याकडे पास आणि आमच्याकडे नापास होतो.

त्यात आमचे कूलर. ज्यांच्या घरी एसी नाही त्यांच्याकडे वाळ्याचे नाहीतर लाकडी किसाचे पॅड लावलेला मोठा लोखंडी कूलर खिडकीत असतो, माझ्याकडेही आहे. मला वाटायचं, लॅपटॉप कूलरच्या तोंडाशी ठेवला की झालं. दोन उन्हाळे मी तसाच ठेवला. तापमान खरोखर आठ-नऊ अंशांनी उतरायचं. पण कूलरची हवा ओली, आणि आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला महिन्याभरात पांढरा थर चढतो. ते पाणी बारीक तुषारांच्या रूपाने कुठे जात होतं हे मला २०२३च्या जूनमध्ये कळलं.

त्या दिवशी मी तो पहिल्यांदा खोलला. खालचे अकरा स्क्रू काढले, जुन्या प्लास्टिक कार्डाने कडा सोडवली, आधी बॅटरीचं कनेक्टर काढून बाजूला केलं. फॅनच्या पात्यांवर धूळ होतीच, पण खरा प्रकार पुढे होता. फॅन आणि तांब्याच्या पत्र्यांची जाळी यांच्यामध्ये धुळीचा एक सलग पट्टा बसला होता, गोधडीच्या आतल्या जुन्या कापसासारखा दाबलेला, करड्या-काळ्या रंगाचा. आमच्याकडच्या धुळीत कोळसा असतोच. चिमट्याने एक टोक धरून ओढलं तर अख्खा पट्टा एका तुकड्यात निघाला, माझ्या करंगळीएवढा लांब. त्याच्या मागे जाळीच्या कडांना पांढुरकी खरबरीत पुटं, कूलरच्या पाण्यातल्या क्षारांची. चिपवर बसवलेली, उष्णता ओढून घेणारी हीटसिंक उचलली तर चिप आणि तिच्यामधली पेस्ट कडेला सरकून चुन्यासारखी भुकटी झालेली आणि मधोमध चिप जवळजवळ उघडी.

मी पट्टा काढला, मऊ ब्रशने जाळी झाडली, फॅन काडीने अडवून मग ब्लोअर मारला (मोकळा फॅन ब्लोअरने भन्नाट फिरला तर त्याचं बेअरिंग जातं, हे मला मित्राने बजावलं होतं), नवी पेस्ट लावली. त्या रात्री तोच व्हिडिओ त्रेपन्न मिनिटांत एक्स्पोर्ट झाला. बाहेर ४१ अंश होते.

आता हे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे साफसफाईचाच प्रश्न होता. नव्हता. दोन महिन्यांत तापमान पुन्हा चढायला लागलं, कारण त्या बॉडीला खालून हवा घ्यायला दोन बोटं रुंदीची एकच जाळी होती आणि बाहेर टाकायला मागे एकच तोंड. मित्राच्या बोजड मशीनला दोन फॅन आणि चार तोंडं. तो वर्षातून एकदा साफ करतो आणि विसरून जातो.

नंतर हिंज, म्हणजे झाकणाची बिजागरी, गेला. याबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण एफपीएसच्या तक्त्यात हिंज कधीच नसतो आणि माझ्या ओळखीतल्या निदान सहा जणांचा लॅपटॉप तिथेच मोडला आहे.

सकाळी झाकण उघडलं आणि डाव्या बाजूने ‘कट्’ असा आवाज आला. वाळलेली काडी मोडावी तसा. स्क्रीनच्या खालची पट्टी उचकटली आणि आतली वायर दिसायला लागली. आत काय असतं, तर पोलादी बिजागरी, ती स्क्रूने बसवलेली ज्वारीच्या दाण्याएवढ्या पितळी नटांत, आणि ते नट रोवलेले असतात प्लास्टिकच्या बारीक खुंट्यांत. बिजागरी नवी असताना घट्ट असते, धूळ बसून आणखी घट्ट होते, आणि आपण झाकण उघडतो एका कोपऱ्याला धरून. सगळा पीळ त्या खुंटीवर येतो. पोलादाला काही होत नाही, पितळेला काही होत नाही, प्लास्टिक फाटतं. माझ्या तळहातावर तो नट होता आणि त्याला चिकटलेला प्लास्टिकचा तुकडा तांदळाएवढाही नव्हता. त्याच्यावर अडुसष्ट हजारांची स्क्रीन उभी होती.

सर्व्हिस सेंटर नागपूरला. चंद्रपूर ते नागपूर दीडशे किलोमीटर, एसटीने तीन तास. तिथे सांगितलं, हे फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटी असती तरी बसलं नसतं, पूर्ण वरचा भाग बदलावा लागेल, पार्ट मागवायला दोन-तीन आठवडे. खर्च ऐकून मी तसाच परत आलो. इथल्या एका कारागिराने अराल्डाइटने खुंट्या पुन्हा उभ्या केल्या आणि मला सांगितलं की आता झाकण बंद करूच नका. तेव्हापासून माझा लॅपटॉप उघडाच आहे.

आणि मग २०२४चा मे. एका ग्राहकाचं लग्न रविवारी, रिसेप्शन मंगळवारी, तिथे पडद्यावर व्हिडिओ दाखवायचा. सोमवारी रात्री पावणेदोनला एक्स्पोर्ट ७१ टक्क्यांवर असताना लॅपटॉप बंद पडला. पुन्हा सुरू झाला नाही. चार्जरचा दिवाही लागेना. कॅमेऱ्याच्या कार्डवरचं फुटेज दुसऱ्या हार्ड डिस्कवर होतं म्हणून वाचलो. पहाटे मित्राला उठवलं, त्याच्या मशीनवर सगळं पुन्हा जोडलं आणि संध्याकाळी सातला पेनड्राइव्ह हॉलवर पोहोचवला. मुलीच्या वडिलांना यातलं काहीच कळलं नाही. पण त्या रात्री पोटात जो खड्डा पडला होता तो मी विसरलेलो नाही. माझ्या नावावर लोक आपल्या घरचा एकदाच होणारा दिवस सोपवतात.

मदरबोर्ड गेला होता. नवा टाकायचा तर लॅपटॉपच्या किमतीचा जवळजवळ निम्मा खर्च. नागपूरला सीताबर्डीवर चिप-लेव्हल काम करणारा एक माणूस आहे, त्याच्याकडे नेला. त्याने भिंगाखाली बोर्ड धरला, प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागातला एक मॉसफेट दाखवला, त्याच्या भोवतीचा बोर्ड तपकिरी पडला होता. म्हणाला, "भाऊ, याले श्वासच भेटून नाही राहिला. चिप मरन नाही तं काय करन?" साडेचार हजारांत त्याने तो पुन्हा उभा केला.

हे सगळं मनात ठेवून मी भाचीसाठी शोधायला बसलो.

शेवटी दोनच उरले, किंमत जवळपास सारखी. पहिला तिच्या मनात भरलेला. पातळ, देखणा, तेराव्या पिढीचा आय-सेव्हन, आरटीएक्स ४०५०. दुसरा जाड, अडीच किलोच्या आसपास, मागे शेपटीसारखा बाहेर आलेला, रायझन फाइव्ह, आरटीएक्स ३०५०चं ६ जीबीवालं कार्ड. कागदावर स्पर्धाच नाही. "मामा, ४०५० सोडून ३०५० कोण घेतं?" तिचा प्रश्न बरोबर होता, आणि मी तिला टाळलं नाही. ४०५० पुढच्या पिढीचं कार्ड आहे, तितक्याच विजेत जास्त काम करतं, नव्या गेममध्ये डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन (मधली चित्रं कार्डाने स्वतःच तयार करणं) त्यात चालतं, ३०५०मध्ये चालत नाही. जुनं ४ जीबीचं ३०५० असतं तर मी स्वतःच नको म्हटलं असतं. आज ४ जीबी ग्राफिक्स मेमरी नव्या गेमना पुरत नाही, टेक्श्चर मध्यमवर आणावे लागतात.

पण कार्डाच्या नावापुढे एक आकडा असतो जो जाहिरातीत बहुधा नसतो. वॅट. तेच ४०५० लॅपटॉप बनवणारा ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवू शकतो. कितीवर बसवायचं हे ठरतं त्याच्या बॉडीत उष्णता काढायची किती ताकद आहे त्यावर. कंपनीच्या साइटवर अगदी खाली, बारीक अक्षरात ‘टीजीपी’ म्हणून ते लिहिलेलं असतं, नसेल तर फोन करून विचारावं. पातळ मशीनमध्ये ते ६०च्या आसपास होतं. जाडमध्ये ३०५०ला ९५पर्यंत मोकळीक होती.

योग असा की पहिला लॅपटॉप ताईच्या शेजारच्या मुलाकडेच होता आणि दुसरा माझ्या ओळखीच्या एका अल्बम डिझायनरकडे. दोघांनीही एकेक दुपार दिली. पाऊस नव्हता, खोलीत ३८. कूलर मी दोन्हीकडे लॅपटॉपपासून दूर वळवला. फोर्झा होरायझन ५ हा गाड्यांचा गेम, फुल एचडी, हाय सेटिंग, चार्जर लावलेला, आणि पूर्ण चाळीस मिनिटं भाचीने खेळायचं. मी शेजारी वही घेऊन.

पहिल्या पाच मिनिटांत पातळ लॅपटॉप सरासरी ९१ देत होता, जाड ७६. भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. चाळिसाव्या मिनिटाला पातळ ६६वर होता आणि मधेच पस्तिशीत झटके घेत होता, कीबोर्डचा मधला भाग इतका तापला होता की तिने बोटं उचलून डब्ल्यू, ए, एस, डी दाबायला सुरुवात केली. जाड ७३वर. झटके जवळजवळ नाहीत. फॅनचा आवाज मात्र जाडचा मोठा, तो दोष मान्य करायलाच हवा. होस्टेलच्या खोलीत रात्री शेजारणीला तो ऐकू जाईल.

ती मिनिटभर दोन्ही आकडे पाहत बसली. मग म्हणाली, "आणि मी तर एकदा बसले की दोन-तीन तास खेळते." सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सिम्युलेशन लावलं तरी मशीन तासभर तापलेलीच राहणार, हेही तिने स्वतःच काढलं.

तरी मी इतक्यावर ठरवलं नाही. नागपूरला दुकानात जाऊन दोन्हींचं झाकण मधून एका बोटाने उघडून पाहिलं. जाडचं उघडताना खालचा भाग टेबलावरून उचलला गेला नाही. मग कोपरा धरून उघडलं, स्क्रीन किती पिळते ते पाहिलं. दुकानदार जरा नाराज झाला, होऊ दे. रॅमचं विचारलं. पातळमध्ये एक भाग बोर्डावरच सोल्डर केलेला, जाडमध्ये दोन मोकळे स्लॉट. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. माझ्या जुन्या मशीनमध्ये ८ जीबीची एकच स्टिक होती. दुसरी टाकल्यावर मेमरी ड्युअल चॅनलवर, म्हणजे एकाऐवजी दोन वाटांवर, आली आणि त्याच गेममध्ये ५५चे ६७ झाले, वर एडिटिंगही सुटसुटीत. रॅम पुढच्या वर्षी वाढवता येते, एसएसडी वाढवता येते. हवेचं तोंड वाढवता येत नाही, हिंजची खुंटी जाड करता येत नाही. ताकद नंतर थोडीफार विकत मिळते, टिकाऊपणा पहिल्या दिवशी जितका आला तितकाच.

आणि वॉरंटी. इथे मी कुणाच्या सांगण्यावर विसंबलो नाही. कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर फोन केला आणि तिच्या होस्टेलचा पिनकोड सांगून विचारलं, इंजिनिअर तिथे येतो का, की मशीन घेऊन यावं लागेल? एका कंपनीने ‘येतो’ म्हटलं, तर दुसरीने ‘जवळच्या सेंटरला आणा’. दोन वर्षं वाढीव वॉरंटी आणि पडझडीचं संरक्षण मिळून साडेपाच हजार. ताई म्हणाली, "त्यापेक्षा आय-सेव्हनच नाही का येणार?" मी तिला माझ्या नागपूरच्या चकरा मोजून दाखवल्या. सात. प्रत्येक चकरेत एक दिवसाचं काम बुडालेलं. परीक्षेच्या आठवड्यात पोरीच्या लॅपटॉपचा हिंज मोडला तर ती अमरावतीहून कुठे धावणार?

जाड घेतला. वॉरंटीसकट चौऱ्याहत्तर हजार आठशे.

घरी आणल्यावर पहिल्या संध्याकाळी आम्ही तीन गोष्टी केल्या. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबायची सेटिंग लावली, कारण तो नव्वद टक्के वेळ चार्जरवरच राहणार आणि उष्णतेत पूर्ण भरलेली बॅटरी लवकर फुगते. माझ्या एका ग्राहकाचं टचपॅड आतून वर आलं होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एफपीएसला ७५ची मर्यादा घातली. त्याहून जास्त पळवून नुसती उष्णता वाढते आणि हाताला फारसा फरक जाणवत नाही. व्हॅलोरंटसाठी मात्र तिने ती मर्यादा उठवायला लावली, तिथे तिला १४४ हवेत. तो गेम हलका आहे, मशीनला जड जात नाही, म्हणून मीही ओढून धरलं नाही. तिसरं, मागची बाजू उचलायला लाकडाची एक पट्टी रंध्याने घासून तिला रबर चिकटवून दिलं. बाजारात कूलिंग पॅड मिळतात, पण खालून दोन सेंटिमीटर मोकळी हवा मिळाली की बरंचसं काम होतं. माझ्या मोजण्यात पाच अंशांचा फरक पडला.

गादीवर ठेवून खेळायचं नाही, हे तिने न सांगता मान्य केलं. तो धुळीचा पट्टा मी एका डबीत जपून ठेवलाय, २०२३चा. तिला तो हातात दिला होता. तिने तो दोन्ही बाजूंनी पाहिला, नाकाशी नेला, आणि म्हणाली, "याला खाणीचा वास आहे."

परवा ती गेली. बॅगेत कपड्यांच्या मध्ये लॅपटॉप, त्याच्या खिशात एक फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर, मऊ ब्रश आणि पेस्टची छोटी ट्यूब. लॅपटॉपच्या खाली मी कागदी टेपचा तुकडा लावून तारीख लिहिली आहे. दिवाळीत आली की दोघं मिळून खोलू, या वेळी स्क्रू ती काढणार आहे.

माझा उघड्या झाकणाचा लॅपटॉप आत्ता शेजारी आहे, श्रावणातल्या एका साखरपुड्याचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करतोय. ६२ टक्के झालेत, तापमान ८८, बाहेर पाऊस.